पळस्पे फाट्यावर

काल नवीन पनवेलच्या घराचा माळा आवरताना बाबांचा चष्मा हाती लागला आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरलं.

कोलकात्याहून पनवेलपर्यंत आम्ही अकरा जण सायकलने येत होतो. अडतिसाव्या दिवशी घाट उतरून चौकला पोचलो, तर मोहीम आखणारे साठेसर टेम्पो घेऊन उभे.

"सत्काराच्या पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम आहे. सायकली चढवा, पनवेलच्या कोपऱ्यावर उतरवू."

"सर, वीसेक किलोमीटरच राहिलेत!"

"मग एवढ्याने काय फरक पडतो?"

सगळे चढले. मीही चढलो. तेव्हा राग सरांचा आला होता, आता माझाच येतो. ताडपत्रीखाली ग्रीसचा आणि घामाचा वास कोंडला होता. पळस्पे फाट्याला फटीतून बाबा दिसले. भर उन्हात, कोकम सरबताची बाटली छातीशी धरून, पुण्याच्या रस्त्याकडे डोळे लावून उभे होते. मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार?

कोपऱ्यावर उतरलो, बॅनरपर्यंत सायकल मारली आणि हार घालून घेतला.

बाबा संध्याकाळी घरी आले. बाटली तशीच भरलेली.

"अकरा सायकली गेल्या आणि मला एकही दिसली नाही रे," ते म्हणाले. "डोळे गेले वाटतं माझे."

टेम्पोचं मी तेव्हाही सांगितलं नाही. सोमवारी ते डोळे तपासून आले, हट्टाने चष्मा करून घेतला आणि शेवटपर्यंत वापरला.

काल तो मी डोळ्यांना लावून पाहिला. नंबर जवळजवळ नाहीच.