स्कूटरएवढं धनुष्य

सासऱ्यांशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि ते एका धनुष्याच्या किमतीबद्दल.

परभणीहून येणाऱ्या जिंतूर गाडीतून मी बोरीच्या थांब्यावर उतरले, तेव्हा माझ्या हातात जवळजवळ माझ्या खांद्याएवढी लांब लाकडी पेटी होती. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं होतं. घरी आले तर सासरे ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी पेटी उघडायला लावली, आतलं चकचकीत धनुष्य दोन्ही हातांनी उचललं, नाकाशी नेऊन त्याचा वास घेतला आणि विचारलं, "कितीला पडली ही कमान?"

मी खऱ्या किमतीचा चौथा हिस्सा सांगितला.

"महाग हाय," एवढंच म्हणून त्यांनी ते पुन्हा पेटीत ठेवलं आणि शेंगा फोडायला लागले.

खरी किंमत एका नव्या स्कूटरएवढी होती. तीही आमच्याच स्कूटरएवढी, जिच्यासाठी माझ्या नवऱ्यानं पाच वर्षं नंबर लावून ठेवला होता.

मी बोरीच्या शाळेत मुलींना खेळ शिकवायचे. शिक्षणासाठी अमरावतीला एक वर्ष राहिले होते, तिथं मला तिरंदाजीचा नाद लागला. पण लग्न झालं, बोरीला आले आणि तो नाद ट्रंकेत ठेवून दिला. अक्षरशः ट्रंकेत. कारण त्या वर्षातलं माझ्याकडं उरलं होतं फक्त दोरीचा फटका लागू नये म्हणून मनगटावर बांधायचं एक चामडं. धनुष्य तर कॉलेजचं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी ट्रंकेतले कपडे उन्हात टाकले. त्यातून ते चामडं खाली पडलं. मामांनी ते उचललं. मला वाटलं, विचारतील हे काय म्हणून. त्यांनी विचारलं नाही. डाव्या हातावर बरोबर जागी ठेवून, दातानं दोरी ओढून बांधलं, आणि हात लांब करून माझ्याकडं बघितलं.

"तुला येती व्हय कमान वढायला?"

"येते थोडी."

"मला बी येती," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

तेव्हा मला कळलं की निजामाच्या काळात, ऐन तारुण्यात, मामा रानडुकरांची शिकार करायचे. जिंतूरकडच्या डोंगरातून डुकरांचे कळप भुईमुगात उतरायचे आणि गावातली चार माणसं तिरकमठे घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसायची. पोलीस ॲक्शननंतर गावातल्या बंदुका जमा केल्या गेल्या, पण तिरकमठ्याला कुणी विचारलं नाही. पुढं शिकारीला बंदी आली आणि मामांनी आपण होऊन तो आढ्याला टांगला. तो तिथंच वाळवीनं खाल्ला. एवढं सगळं सांगताना त्यांच्या आवाजात शिकारीची फुशारकी नव्हती. हातातलं एक काम गेल्याचं दुःख तेवढं होतं.

आठ दिवसांत त्यांनी माझ्यासाठी कमान केली. वेळू भिजवला, चुलीतल्या राखेवर शेकत शेकत वाकवला, जवसाचं तेल पाजलं. अंबाडीच्या वाखाची दोरी स्वतःच्या मांडीवर वळली. रब्बीची ज्वारी घरात आली की खळं मोकळं व्हायचं. तिथं कडब्यानं ठासून भरलेलं पोतं उभं केलं. मी पदर खोचून उभी राहायचे आणि मामा मागं उकिडवे बसायचे. सासूबाई चहा घेऊन यायच्या तेव्हा बायका धुऱ्यावर थांबून बघत असायच्या. एकदा कुणीतरी म्हणालं, सुनेला काय शिकवायलात हे? सासूबाई म्हणाल्या, "तिला येतंच की. म्हातारा शिकायलाय." त्यावर मामा सगळ्यात मोठ्यानं हसले.

त्या कमानीवर मी राज्याच्या निवड स्पर्धेला औरंगाबादला गेले. सव्वीस जणींत एकविसावी आले.

मैदानावर पुण्या-मुंबईच्या मुलींची धनुष्यं बघून मी आधीच खचले होते. लाकूड आणि काचतंतूचे थर बसवलेली, मुठीला बोटांच्या खाचा, समोर नेम धरायला बारीक खूण. पुण्याच्या एका मुलीनं तिचं धनुष्य मला हातात धरू दिलं. मी नुसतीच दोरी ओढून बघितली, आणि ती इतकी मऊ, इतकी सरळ आली की मला ते धनुष्य परत देववेना. परत येताना एसटीत मामांची कमान माझ्या मांडीवर होती. तिच्याकडं बघवत नव्हतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

महिन्याभरानं त्या मुलीचं पत्र आलं. ती नवं धनुष्य घेणार होती. जुनं विकायचं होतं, हवंय का? किंमत वाचली आणि मी पत्र साखरेच्या डब्याखाली सरकवून ठेवलं.

माझे पती जिंतूरला तहसील कचेरीत कारकून होते. रोज लोंबकळत एसटीनं जायचे. त्याच आठवड्यात स्कूटरचा नंबर लागल्याचं कार्ड आलं होतं. डब्याखालचं पत्र त्यांना साखर घेताना सापडलं. ते त्यांनी उभ्यानंच वाचलं, घडी घातली.

"घेऊन टाक," म्हणाले.

"आणि स्कूटर?"

"पुन्हा नंबर लावू."

"आणखी पाच वर्षं?"

"मग? आपण कुठं जायलोत? एसटीत माझी झोप होते."

मी दोन दिवस नाही म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पैसे आणून माझ्या पर्समध्ये ठेवले आणि मामांना किमतीबद्दल काही बोलू नको म्हणाले. म्हणून ते खोटं.

आता सांगायची गोष्ट ही की, त्या धनुष्यानं माझा नेम बिघडला.

पहिला आठवडा वाटलं, हाताला सवय नाही. महिना गेला. तीन महिने गेले. एक तीर पोत्यावरच्या कागदी निशाणाच्या मधल्या पिवळ्यात लागायचा, दुसरा पोत्याच्या कानाला, तिसरा खळ्याबाहेर. धनुष्य घेण्यातच सगळे पैसे संपले होते, तीर घेता आले नव्हते. त्या मुलीनं मायेनं दोन ॲल्युमिनियमचे तीर सोबत दिले होते, त्यातला एक किंचित वाकडा होता. बाकी मी मामांनी पूर्वी केलेले वेळूचेच तीर वापरायचे. त्यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यातही आलं नाही. दोष माझा आहे, माझी लायकी नाही, एवढंच मनात घट्ट बसलं. यांना सकाळी गाडीसाठी पळताना बघितलं की मनात स्कूटरचा हिशेब सुरू व्हायचा. एका संध्याकाळी भाकरी थापताना मला रडू फुटलं ते आवरेना. हे शेजारी पाटावर बसले होते. उठून माझ्या हातातली परात घेतली आणि उरलेल्या भाकरी त्यांनी थापल्या. नकाशासारख्या झाल्या. आम्ही त्याच खाल्ल्या.

मामा ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझे तीर जागेवर नव्हते. सासूबाई म्हणाल्या, उपरण्यात गुंडाळून सोनाराकडं घेऊन गेलेत. मला काही अर्थ लागेना. दिवस कलताना मामा आले. प्रत्येक तिरावर कोळशानं खुणा केलेल्या होत्या, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा.

"बस इथं," ते म्हणाले. "सोनाराच्या काट्यावर तोलून आणलेत. तुझ्या अठरा तिरांत एकासारखं वजन फक्त चौघांचं हाय. हा बघ, हा त्याच्या दीडपट हाय. आन् हे चमकणारे दोघं लय हलके."

"पण तुमच्या कमानीवर तर हेच तीर बरे जायचे."

"माझी कमान गरीब हाय बाय. तिला हलका काय आन् जड काय, समदे सारखेच वाकडे जायचे. तुला वाटायचं, असंच असतंय. ही कमान खरी हाय. तिरात जेवढा फरक, तेवढा ती बरोबर दाखवायली. तिचा काय दोष? तुझा बी न्हाई."

मी तो जड तीर हातात घेऊन बघितला. मग एकदम तोंडातून गेलं, "मामा, मी तुम्हाला किंमत खोटी सांगितली."

"माहीत हाय."

"कसं?"

"गाडीचं कार्ड पोस्टमननं माझ्याच हातात दिलं व्हतं. मला मराठी अक्षर वाचाय येत न्हाई, आमी उर्दूत शिकलेलो. त्यालाच वाचायला लावलं. मग गाडी आली न्हाई आन् कमान आली. एवढं तर मला बी कळतंय."

"मग बोलला का नाहीत?"

ते तिरावरची पिसं सारखी करायला लागले. "तू सांगशील म्हणून थांबलो. आन् पोरानं आयुष्यात पहिल्यांदा मला न विचारता काही केलं. मला बरं वाटलं."

त्यानंतरचे दोन महिने आमच्या ओसरीवर तिरांचा कारखाना होता. मामा वेळूच्या कांड्या उन्हाला धरून सरळ करायचे, हे कचेरीतून आले की काचेच्या तुकड्यानं घासायचे, मी रानात गळालेली मोराची पिसं वेचून आणून कात्रीनं एकसारखी कापायचे. आठवड्याला दोनदा सोनाराकडं फेरी. सोनार आधी वैतागला, मग त्याला चेव आला. गुंजेचा फरक निघाला तरी तो तीर परत द्यायचा. म्हणायचा, घासून आणा. चाळीसेक कांड्यांतून दहा तीर निघाले. त्यांना आलेला खर्च म्हणजे पिसं चिकटवायचा सरस आणि सोनाराचा चहा.

पुढच्या निवड स्पर्धेच्या वेळी विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा वातावरण तापलं होतं. एसटी कुठं अडेल, कधी बंद होईल, सांगता येत नव्हतं. मी सातवीत असताना आमच्या भागानं दंगलीत काय बघितलं होतं ते कुणी विसरलं नव्हतं. एकटीनं जाऊ नको म्हणून हे रजा टाकून माझ्याबरोबर आले. दोन दिवस ते मैदानाच्या दोरीबाहेर उन्हात उभे होते, डोक्यावर माझी ओढणी घेऊन. मोरपिसांचे तीर बघून मुली हसल्या. पुण्याची ती मुलगी मात्र हसली नाही. तिनं एक तीर बोटावर तोलून बघितला आणि विचारलं, "हे कुठं मिळतात?"

मी सातवी आले. संघात चौघी घेतल्या. थोडं वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

बोरीला पोचलो तेव्हा मामा थांब्यावरच येऊन बसले होते. कितवी आलीस असं त्यांनी विचारलं नाही. "किती तीर बाहेर गेले?" म्हणाले.

"एकही नाही."

त्यांनी तीन वेळा मान हलवली. मग यांच्या हातातून पेटी घेतली आणि घरापर्यंत स्वतः उचलून आणली. दोघांपैकी कुणालाही हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली, आणि खांदाही दुखायला लागला. स्पर्धा सुटल्या. पण शाळेतल्या मुली मागं लागल्या. हेडमास्तर भले होते. म्हणाले, वरती लिहून चांगल्यातली धनुष्यं मागवू. मी म्हटलं, सर, आधी तीर करू. मामांना शाळेत बोलावलं. मैदानातल्या लिंबाखाली बसून त्यांनी एका हिवाळ्यात अकरा कमानी केल्या, आणि मुलींना तीर घासायला शिकवलं. एखादीची आई कधी घरी यायची, पोरीला शहरातून महागाची कमान घेऊन द्यावी का म्हणून विचारायची. मी सरळ नाही म्हणत नसे. माझं ते धनुष्य मला एकविसाव्या जागेवरून सातव्या जागेवर घेऊन गेलं, हे खरं आहे. यातलं धनुष्यामुळं किती आणि सोनाराच्या काट्यामुळं किती, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्या बायांना एवढंच म्हणायचे, दोन वर्षं हिला वेळूवर ओढू द्या. मग ती स्वतःच सांगेल तिला काय कमी पडतंय. ते खरंच कमी पडत असेल तर घ्या, कर्ज नसेल तर घ्या, आणि घरात कुणापासून लपवू नका.

शेवटी शेवटी मामांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू होता. परभणीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, महिन्याभरानं जाड भिंगाचा चष्मा आला. चष्मा लावून ते पहिल्यांदा शाळेत आले त्या दिवशी मुली रांगेत उभ्या होत्या, दोऱ्या ओढायच्या तयारीत. मामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. काठी टेकत ते हळूहळू थेट निशाणापर्यंत चालत गेले आणि कागदापुढं उभे राहिले. एकेका वर्तुळावरून बोट फिरवून बघितलं.

"आगं, ह्याच्या मधी पिवळं हाय व्हय?" ते तिथूनच ओरडले. "मी तर इतकी वर्षं पांढरंच समजायलो व्हतो!"

मुली हसायला लागल्या. मामांना त्याचं काही नव्हतं. ते निळ्यावर बोट ठेवत होते, मग तांबड्यावर, मग पुन्हा पिवळ्यावर. मी मुलींना कमानी खाली ठेवायला सांगितल्या. त्यांचं बघून होईपर्यंत आम्ही सगळ्या थांबलो.