दुकानाच्या भिंतीवरचे रस्ते

लग्न होऊन मी तेलुगू मुलखातल्या इचोड्याला आले, त्याच्या पुढच्याच वर्षी मला शिक्षिकेची नोकरी लागली. शाळा मराठी, पण गाव नार्नूरच्या बाजूला, आत. आधी गुडीहत्नूरपर्यंत एक बस, तिथून उटनूरकडची दुसरी, आणि फाट्यावर उतरलं की गावापर्यंत पायपीट. परतताना फाट्यावरची बस हमखास चुकायची.

माझ्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. मी त्यांना मामाजी म्हणायची. एकदा मी दिवेलागणीनंतर पोचले, तर ते दारातच उभे.

"आज काऊन उशीर झाला, सूनबाई?"

"बस निघून गेली. दुसरी येतच नव्हती."

दुसऱ्या दिवशी दुकान सासूबाईंवर सोपवून ते स्वतः त्या वाटेनं जाऊन आले, आणि आठवड्याभरात एक जुनी लेडीज सायकल घेऊन आले. ती फाट्यावरच्या पिठाच्या गिरणीत ठेवायची असं त्यांनी गिरणीवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला सायकल शिकवली. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पडले तेव्हा मात्र हळद घेऊन त्याच धावत आल्या.

मग मामाजींना छंदच लागला. कोणत्या फाट्यावर सायकल ठेवता येते, कोणती बस कुठे सोडते, हे ते गिऱ्हाइकांना विचारत आणि दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगानं काढत. बसची वाट सरळ रेघेनं, सायकलची ठिपक्यांनी. लोक सामान घेता घेता भिंत बघून जात.

दवाखान्यातली एक तेलुगू नर्स गावोगाव फिरायची. तिनं एके दिवशी आमच्या एका ठिपक्यांच्या वाटेवर कोळशानं फुली मारली आणि बाजूला तेलुगूत काहीतरी लिहिलं. मामाजींनी ओल्या फडक्यानं ते पुसलं. "चांगली भिंत खराब करून राह्यले लोक," म्हणाले.

त्याच पावसाळ्यात मी त्या वाटेनं गेले. काळी माती मडगार्डमध्ये अशी भरली की चाक फिरेना. सायकल अर्धी उचलत, अर्धी ओढत शाळेत पोचले तेव्हा पोरं माझी साडी बघून गप्पच झाली. संध्याकाळी मी मामाजींना सांगितलं, "तुमी जे पुसलं, ते नर्सबाईनं बरोबर लिहिलं होतं. ती वाट पावसात चालत नाही."

ते बराच वेळ तराजूची साखळी सरळ करत बसले. नर्स पुढच्या वेळी साबण घ्यायला आली तेव्हा त्यांनी तिच्या हातात खडू दिला. "बाई, आमी पुसलेलं तेवढं परत लिवा." तिनं तेलुगूत लिहिलं, मी खाली मराठीत. त्या दिवसापासून खडू भिंतीजवळ दोरीला बांधलेला असे. ज्याला जे ठाऊक, त्यानं लिहावं. पाऊस पडला की धुऊन जाई, लोक पुन्हा लिहीत. जे टिकून राही त्यावर मामाजी रंग फिरवत.

नंतर कधीतरी कुणीतरी तो नकाशा उतरवून नेला. गुडीहत्नूरच्या एका चहाच्या हॉटेलात, आतल्या भिंतीवर, तो आम्हाला दिसला. रेघा आणि ठिपके आमचेच, पण त्यात आम्हाला माहीत नसलेली एक वाट होती, टेकडीच्या पायथ्यानं जाणारी.

"आपल्याला विचारलं बी नाही," मामाजी म्हणाले. आवाजात जरा रुसवा होता. पण चहा थंड झाला तरी ते ती वाट न्याहाळत राहिले, आणि उठताना मला म्हणाले, "रविवारी जाऊन पाहू का?"

रविवारी आम्ही दोन सायकली घेऊन निघालो. वाट कडक मुरमाची होती, दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी. मामाजी पुढे होते. चढावर त्यांना धाप लागली तेव्हा मी म्हटलं, "उतरा, चालत जाऊ."

"तू उतर," ते म्हणाले, आणि पायडल मारत राहिले.