शेजारचं लेकरू

"बाई, तुमी कायले चिंता करता? मी आहो ना!" असं म्हणून तो छातीवर थाप मारायचा, आणि तिथूनच माझी चिंता सुरू व्हायची.

आंबागडच्या बाजूच्या एका खेड्याचा तो आरोग्यरक्षक. तुम्हाला आठवत असेल, सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारने गावोगावचा एकेक माणूस निवडून, थोडंफार शिकवून, हाती औषधांची पेटी दिली होती. मी त्या भागातली नर्स. त्याच्या कामावर लक्ष ठेवणं माझ्याकडे होतं. आता काम असेल तर लक्ष ठेवणार ना!

रक्षक म्हटलेलं त्याला ऐकूच येत नसे. 'डाक्टर' म्हटलं की लगेच वळायचा. ताप असो, काटा रुतो, गोळी एकच. तुमसरच्या बाजारातून कुठूनशी एक जुनी डॉक्टरी नळी आणली होती. ती कानात घालायची विसरून नुसतीच रोग्याच्या छातीला लावायचा. म्हातारे तेवढ्यानेच खूश.

विहिरीत जंतुनाशक पावडर टाकणं हे त्याचं खरं काम. ती वर्षभर त्याच्या घरी पडून. विचारलं तर म्हणे, "सरकारी माल आहे बाई, उधळाचा काय?"

अशात परदेशातून एक शिकाऊ डॉक्टरीण यायची ठरली. खेड्यातला साधा माणूस गावाचं आरोग्य कसं सांभाळतो, ते तिला पाहायचं होतं. घ्या! अख्खा भंडारा जिल्हा सोडून साहेबांना दाखवायला हाच सापडला, कारण बोलण्यात पटाईत.

त्याने मग आधीचा आठवडाभर रोज विहिरीत पावडर ओतली, वर्षाची सगळी. पाहुणीला दुरून वास आला पाहिजे ना! पाणी तोंडात धरवेना. बाया निमूटपणे बोडीवर जाऊ लागल्या, जिथे म्हशी डुंबतात त्या तळ्यावर. कोणी तक्रार केली तर हा सांगे, "वास म्हंजेच सफाई. तुमाले काय समजते?" पोरांना हगवण लागली. मला हे सगळं पाहुणीला घेऊन गेले त्या दिवशी कळलं.

हार झाले. मग याचं भाषण: हगवण लागली की मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी, घोट-घोट, सारखं. मोडक्या हिंदीत, पण अगदी तोंडपाठ. पाहुणी पोरगी थोडं हिंदी शिकून आलेली, बिचारी कौतुकाने ऐकत होती. नंतर त्याच्या घरी चहा. चहा पिताना आतून बारीक कण्हणं ऐकू आलं.

"मांजर हाये," तो म्हणाला.

मांजर! मी उठलेच. आत धान साठवायच्या ढोलीमागे अंधारात त्याची सून बसली होती, मांडीवर तान्हं पोर. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

"मामाजीनं सांगतलं बाई, पाहुणी जाईस्तोवर आवाज नोको येऊ देऊ," ती पुटपुटली. "डाक्टरच्या घरी हगवण म्हंजे इज्जत जाते म्हणे."

तेवढ्यात डॉक्टरीण माझ्यामागे आली. "किसका बच्चा है?" तिने विचारलं.

हा दारात उभा. खांद्यावरचा दुपट्टा सावरत म्हणाला, "बाजूवाले का है, मॅडम. हमारे घर में कोई बीमार नहीं पडता."

सुनेने मान वर केली. सासऱ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ती बाई, तिचा पदर खांद्यावर पडला आणि तिने तो उचलला नाही. सरळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"लाज वाटते का जी तुमाले? सख्खा नातू आहे तो!" मी ओरडले.

डॉक्टरीण जमिनीवरच बसली. पाणी उकळून, निववून, मीठ-साखर घालून चमच्या-चमच्याने पाजत राहिली. हा बाहेर अंगणात लोकांना सांगत होता की सगळं आपल्याच देखरेखीत चाललं आहे. दिवेलागणीला पोरगं तिच्या मांडीवर मुतलं, म्हणजे अंगात पाणी टिकलं, तेव्हा आम्ही तिघी बाया हसलो. माझे तर डोळे भरून आले.

सून दुसऱ्याच दिवशी लेकरू घेऊन पवनीकडे माहेरी गेली, मागाहून तिचा नवराही तिकडेच जाऊन राहिला. हा आणायला गेला आणि हात हलवत परत आला. गावात सांगितलं, "सून नखऱ्याची निघाली."

काही वर्षांनी माझी बदली पवनीकडे झाली. एकदा कामाने तुमसरला आले तर स्टँडवर हा भेटला. पेटी केव्हाच काढून घेतली होती. वाळला होता.

"बाई, तुमी तिकडंच आहा ना?" त्याने विचारलं. "पोट्टा चालते का जी आता?"

"चालते काय, शाळेत जाते."

"माह्यासारखा दिसते?"

"दिसते." नाक तर थेट त्याचंच होतं.

"मले वळखन का?"

त्याला बरं वाटेल असं काही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. "नाही," म्हटलं, "आजा म्हणून तो आईच्या बापाले वळखते."

त्याने मान डोलावली. त्याची गाडी लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. गाडी निघून गेली तरी तो तिथेच उभा होता.