आत्याने पाहिलेलं ग्रहण

मी अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवते. माझी विधवा आत्या माझ्याकडेच असते. श्रावणात आमच्या घरची कानबाई, नारळाच्या रूपातली देवी, तीच बसवते. कानबाईची बहीण रानूबाई ही सूर्याची बायको, हे ती आपल्याच नात्यातलं लग्न असल्यासारखं सांगते. ग्रहण लागलं की ती दार लावून बसायची.

त्या दिवाळीत मावळतीला ग्रहण होतं. मी गच्चीवर विद्यार्थी बोलावले होते. ग्रहण बघायचा चष्मा एकच. "आत्या, चंद्र मधे आलाय, बाकी काही नाही," म्हणत मी तिला हाताला धरून वर नेलं. चष्म्यातून बघताच तिचा आवाज बदलला.

"अवं माय! अर्धा गिळला!"

मुलं रांगेत खोळंबली होती. मी तिच्या डोळ्यांवरून चष्मा काढून पुढच्या मुलीला दिला. आत्या खाली गेली असेल, असं मी धरून चालले.

ती गेली नव्हती. पाण्याच्या टाकीआड उभी राहून उघड्या डोळ्यांनी बघत होती. किती वेळ, कोण जाणे. मी ओरडले तर म्हणाली, "देववर संकट शे. त्याले एकला कसा सोडू?"

दुसऱ्या दिवशी चहा देताना तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तुनं तोंड दिखत नही. मधे काळा गोळा शे."

धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "ग्रहण पाहिलं होतं का?"

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "नाही हो. रोज सकाळी सूर्याला पाणी देते. तेव्हा लागलं असेल."

डोळ्यातलं भिंगच ऊन एका ठिपक्यावर गोळा करतं, तिथे पडदा भाजलाय, आता फारसं भरून येणार नाही, असं डॉक्टर मला समजावत होते. भिंगाची ती आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते.

पुढच्या श्रावणात रविवारी कानबाई बसली. आत्याने चाचपून नारळाला नथ घातली, कुंकू लावलं. मग चांदीचे डोळे माझ्या हातात ठेवले. "हे तू लाव. माझे वाकडे बसतील."

मी ते नारळावर बसवले. शेवटी विचारलंच, "डॉक्टरांना खोटं का सांगितलं?"

"त्यांनी तुला बोल लावला असता. मग लोकांनी तुझ्याकडे पोरं धाडली असती का?"

ती माझ्या कानाच्या बाजूला बघत हसली. चेहरा दिसावा म्हणून ती कडेने बघते, हे मला कळतं. तरी तिची नजर माझ्यामागे कुणावर तरी खिळल्यासारखी वाटते. हल्ली वर्गातही, शिकवता शिकवता, मी मधेच मागे वळून पाहते.