कुरुळीच्या अंगणात थांबलेली गाडी

चाकणहून निघालो तेव्हा पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या समोरून भरून येत होत्या आणि मी सुट्टी टाकून उलट्या दिशेला चाललो होतो, तेही दुसऱ्याच्या मोटारीतून. रेणुका, माझी बायको, आमच्या तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन वाशीमहून ट्रॅव्हल्सनं येत होती. बाळंतपण माहेरी झालं. लेक पहिल्यांदाच माझ्या खोलीवर यायची होती. सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "तिथं तुमचं कोण आहे? लेकराला काही झालं तर कोण बघील?" निदान पहिला दिवस तरी नीट जावा म्हणून घरमालक तात्यांकडं गाडी मागितली. त्यांनी किल्ली दिली. म्हणाले, "जुनी हाय ती. निघताना पाणी बघून घे."

मी आठवीतून शाळा सोडलेला, कंपनीत पॅकिंगला. गाडी चालवायला मामाच्या पिकअपवर शिकलो, पण तिचं पाणीबिणी मामाच बघायचा. बॉनेट उघडलं तर एका झाकणावर पाण्याच्या फवाऱ्याचं चित्र दिसलं. ती टाकी काठोकाठ भरली आणि निश्चिंत झालो.

मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडला, भोसरी मागं टाकली आणि कासारवाडीला नाशिक फाट्यावर जाऊन उभा राहिलो. रेणुका उतरली. जागरणानं तोंड सुजलेलं, दुपट्यात लेक गाढ झोपलेली. बारशाला पाहिली होती, तेवढीच. आता गाल भरले होते. रेणुका म्हणाली, "नुसतं बघता काय? बॅग घ्या की."

परतताना ती खिडकीतून कंटेनर आणि कंपन्यांच्या लांबच लांब भिंती बघत होती. "इथं सगळीकडं भिंतीच आहेत का हो?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "खोलीच्या मागं मेथीचं शेत आहे." तिनं लेकीचं दुपटं सारखं केलं. मला सासूबाईंचा आवाज ऐकू येत होता.

मोशी सोडली आणि गोडसर, करपल्यासारखा वास यायला लागला. बघतो तर गरमपणाचा काटा लाल रेघेवर. कुरुळीच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी कशीबशी रस्त्यालगतच्या एका घराच्या अंगणात घातली. तात्यांचं इंजिन गेलं की काय, उन्हात लेकराला घेऊन आता कुठं जायचं, काहीच सुचेना. बॉनेट उघडून समोरच्या झाकणाला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भावा, हात काढ. सोलून निघशील."

तो दत्ता. गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होता. शेती घरची, आणि दुसऱ्या शिफ्टला कंपनीत. त्याची आई ओसरीतनं माझ्यावरच खेकसली, "आरं, लेकराला उन्हात ठेवून इंजनात काय बघतोस? पोरी, तू आत ये." तिनं लेकीला रेणुकाच्या हातातून घेतलंसुद्धा.

इंजिन गार होईपर्यंत दत्ताच्या आईनं, मावशींनी, रेणुकाला बाजरीची भाकरी आणि घेवड्याचं पातळसर कोरड्यास वाढलं. "अंगावर पाजतीयस, पोटभर खा," म्हणाल्या. मलाही ताट दिलं, पण माझं लक्ष बॉनेटकडंच.

दत्तानं मग इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, कूलंटची टाकी दाखवली. ठणठणीत कोरडी. "सकाळी तर भरली होती," मी म्हणालो आणि फवाऱ्याचं झाकण दाखवलं.

"ते काच धुवायचं पाणी, राव," दत्ता म्हणाला. "काच मातुर चकाचक ऱ्हाईल." ओसरीत रेणुका तोंडावर पदर धरून हसली.

"गळतंय कुठनं ते वल्ल्या इंजनात दिसायचं न्हाई," असं म्हणत त्यानं आधी पाणी भरलं आणि फडक्यानं सगळे पाइप कोरडे केले. "आता पीठ न्हाईतर पावडर, काय तरी भुरभुरायला पायजे." रेणुकानं पिशवीतून लेकीच्या पावडरचा डबा काढून दिला. काळे पाइप पांढरे झाले. दत्तानं गाडी चालू करायला लावली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मग रेडिएटरच्या वरच्या पाइपावर, क्लिपच्या कडेला, पावडरीत एक ओली रेघ उमटली आणि हळूहळू खाली उतरली.

"घावली," दत्ता म्हणाला.

पाइप टोकाशी चिरला होता. इंजिन पुन्हा गार होऊ दिलं. त्यानं चिरलेलं टोक कापलं, उरलेला पाइप ओढून बसवला आणि ट्रॅक्टरच्या डब्यातली क्लिप लावून आवळला. पुन्हा पावडर, पुन्हा इंजिन चालू. या वेळी पांढरं ते पांढरंच राहिलं. "चाकणपतुर आरामात जाशील. पर तात्यांना सांग, पाइप नवा घाला अन् कूलंट भरा." काय द्यायचं विचारलं, तर तो हात धुवायला निघून गेला.

निघताना मावशींनी रेणुकाला पाटावर बसवलं. लेकीला तीट लावली. रेणुकाच्या ओटीत गहू आणि खोबऱ्याची वाटी घातली. "लेकरू पहिल्यांदा उंबऱ्यात आलंय. तसंच कसं धाडू?" रेणुकानं वाकून नमस्कार केला आणि पदर सावरत गाडीत बसली. पुढच्या रस्त्यात तिचं भिंतींकडं लक्षच नव्हतं. काट्याकडं मात्र माझ्यापेक्षा जास्त तीच बघत होती.

खोलीवर पोचलो. तात्यांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "लेकरू बरं हाय ना? मग झालं."

गावाकडच्या मंडळींना इथलं काय सांगावं, याचा मी पुष्कळ विचार करत असे. रस्ते, कंपन्या, ओव्हरटाइम. त्या दुपारी रेणुकानं आईला स्पीकरवर फोन लावला आणि मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"पोचलो गं. वाटेत एका घरी जेवलो. ओटी भरली माझी."

"कुणाच्या घरी? तिथं कोण आहे तुमचं?" पलीकडून सासूबाईंनी विचारलं.

रेणुकानं मांडीवरच्या लेकीला थोपटलं.

"आहेत," ती म्हणाली.