सासऱ्यांच्या नावाची हाक

माझी मोठी जाऊ बुरुलकान गाते फार गोड, आणि भांडतेही तितक्याच सुरात. नारीन नदीकाठच्या प्रत्येक लग्नात तिला एकाच गाण्यासाठी बोलावतात. मेंढपाळ पुरात वाहून जातो आणि त्याची प्रेयसी काठावरून त्याला तीनदा नावानं हाका मारते, ते गाणं. ज्याला ते येत नाही तो किरगीझ कसला, असं आमचे लोक म्हणतात.

घोळ एवढाच, की त्या मेंढपाळाचं आणि आमच्या सासऱ्यांचं नाव एकच. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. लग्नानंतर बुरुलकान पहिल्यांदा गायली तेव्हा ऐन हाकेच्या जागी अडली आणि म्हणाली, "अहो मोठ्या टोपीवाले, परत या." डोळे पुसायला रुमाल काढून बसलेल्या बायका हसून लोळल्या. तीस वर्षं ती तसंच गाते. आता पलीकडच्या खोऱ्यातली पोरंही मोठ्या टोपीवाल्यालाच हाका मारतात. सासरे वरवर चिडायचे, पण टोपी त्यांनी कधी बदलली नाही.

या वसंतात त्यांची थोरली बहीण गेली. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचे पाहुणे पांगल्यावर ते तंबूत चहाचा वाडगा घेऊन बसले आणि बुरुलकानला म्हणाले, "सूनबाई, ते गाणं म्हण. नावासकट."

"बाबा, जीभ झडेल माझी."

"झडू दे, घरात तेवढीच शांतता. अगं, मला नावानं हाक मारणारी एक ताई उरली होती. बाकी सगळ्यांचा मी बाबा, नाहीतर आजोबा. आता नाव ऐकायचं तर दवाखान्यात जायचं, तेही सुई टोचून घ्यायला."

बुरुलकान माझ्याकडे बघायला लागली. मी बोरसोकचे कणकेचे तुकडे तळण्यात गुंग असल्याचं दाखवलं, खरं तर तळून तासभर झाला होता. सासऱ्यांसमोर जमणार नाही म्हणून ती तंबूबाहेर गेली आणि मेंढवाड्यापाशी नदीकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्या हाकेला तोंडात टोपीच आली. दुसऱ्या हाकेला नुसता खोकला. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले आणि इतक्या मोकळ्या गळ्यानं नाव घेतलं, की मेंढ्यासुद्धा माना वर करून बघायला लागल्या.

आत सासऱ्यांनी वाडगा खाली ठेवला आणि ते टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती. मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू, ते काही आवरेना.

"आलो गं ताई," ते म्हणाले, "आलो."