व्याह्यांच्या मनगटावरचं घड्याळ

माझ्या अक्काचं लग्न ठरलं ते स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, आणि अडलं ते एका घड्याळापायी. मुलगा सांगलीला कचेरीत कारकून. बघायला आला तेव्हा बाकीच्यांसारखं चालून दाखव, केस सोडून दाखव, असलं काही नाही. पोह्यांची बशी अक्कापुढं सरकवून "तुमीबी घ्या की" एवढंच म्हणाला. अक्का तिथंच विरघळली. चुलीपुढं बसून मला म्हणाली, "करीन तर हेच घर. न्हाईतर बसंन अशीच."

त्याचे वडील मात्र हळदीचे अडते. त्यांच्या शेजारच्या वकिलाकडं कुठल्याशा गोऱ्या साहेबाचं जुनं सोन्याचं मनगटी घड्याळ होतं, म्हणून यांच्या मुलालाही लग्नात तसलंच हवं. "नवं नगं," म्हणाले, "नवं काय कुणीबी घालतंय. जुनं, विलायती, सोन्याचं."

आता आमचं गाव उंब्रजपासून कोसभर आत, आणि वडिलांनी उभ्या जन्मात बैलाखेरीज जुनं असं काही विकत घेतलेलं नव्हतं. साताऱ्याचा एक साहेब सामान विकून विलायतेला निघालाय, अशी खबर पलटणीतून सुट्टीवर आलेल्या मामानं आणली, तसे दोघं गेले. तिथलं पुढचं मामाच सांगायचा. वडिलांनी घड्याळ आधी कानाला लावलं, मग पालथं करून त्याचं पोट दाबलं, मग विचारलं, "वय काय ह्याचं?" भावाची वेळ आली तशी किंमत चारचौघांत बोलायची नाही, ही बाजाराची रीत. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, एक बोट म्हणजे शंभर. वडिलांनी खांद्यावरचा रुमाल साहेबाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची दोन बोटं धरली. साहेबाला वाटलं, निरोप द्यायचा हा इकडचा विधी असणार. त्यानं डोळे मिटले आणि वडिलांचा अख्खा पंजा घट्ट दाबला.

"पाचाच्या पाची?" वडील ओरडले. "मेव्हण्या, ह्यो सायब हाय का दरोडेखोर रं?"

शेवटी मामानंच तोंडी भाव ठरवून घड्याळ घेतलं.

घरी आल्यावर आई पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन दारात. नवा बैल आला की पायावर पाणी घालून तुकडा ओवाळायचा, ते तिच्या अंगवळणी पडलेलं. मामा आडवा आला म्हणून, नाहीतर घड्याळाची आंघोळच होती बघा.

देव्हाऱ्यात ठेवलं, आणि दोन दिवसांत ते बंद पडलं. आईचं तोंड उतरलं. जावयाला बंद घड्याळ देणं म्हणजे केवढा अपशकुन! मामा म्हणाला, "ताई, ह्याला चावी नसती. हातावर घालायचं. हात हलला की आपसूक भरतंय."

पण घालायचं कुणी? जावयाची वस्तू घरच्यांनी घातली की ती उष्टी झाली. शिवाय वडिलांच्या अंगात फक्त तोंड तेवढं हलायचं. वाट वडिलांनीच काढली. साहेबाचं उष्टं झालं तर चालतं, घरच्याचं चालत नाही, पण नंदीला उष्टं लागतच नाही, नंदीचा तर प्रसाद! गुऱ्हाळ लागलेलंच होतं. चरकाला जुंपलेले बैल ऊस पिळत दिवसभर गोल फिरायचे. त्यातल्या मान उडवणाऱ्या पांढऱ्याच्या घुंगरमाळेत घड्याळ बांधलं. असं ठणठणीत चालायला लागलं म्हणून सांगू! दिवस मावळला की सोडायचं, सकाळी बांधायचं.

गुऱ्हाळावर येईल त्याला रस द्यायचा, ही आमच्याकडची पद्धत. एके दिवशी रस प्यायला सांगलीहून आलेले व्याहीच हजर. पेला ओठाला लावला आणि पांढरा समोरून गेला. फेरा घेऊन परत आला. व्याह्यांनी पेला खाली घेतला.

"पाव्हणं, तुमच्या बैलाला वेळ बघावी लागती व्हय?"

वडिलांनी सगळं खरं सांगितलं. माणूस बसून राहिला तर ते थांबतं, म्हणून बैलाकडून भरून ठेवतोय, हेही सांगितलं. व्याही लालबुंद झाले.

"थापा! मनगटावर बांधल्यालं घड्याळ थांबतंय कुठं? तुमी बैल मिरवायला बांधलंय आन् माझ्या पोराला त्याचं उतरलेलं देणार! आणा हिकडं." त्यांनी घड्याळ सोडवून स्वतःच्या डाव्या मनगटावर बांधलं. "मी बसतो तुमच्या सोप्यात. थांबलं तर तुमचं खरं, लगीन पक्कं. न्हाई थांबलं तर माझा रामराम."

अक्का कढईपाशी उभी होती. माझं मनगट धरून कानात म्हणाली, "त्यांचा हात हलता कामा न्हाई."

आणि मग जे सुरू झालं! व्याही लोडाला टेकले. आईनं डाव्या हाताखाली उशी सारली. तांब्या उजव्या हातात, विडा तयार करून उजव्या हातात. पुरणपोळीवर तूप असं ओतलं की दुपारभर माणूस हलू नये. माशी बसली तर ती हाकलायला मी पंखा घेऊन शेजारी. मामानं पलटणीतल्यासारखा दारात पहारा धरला, पोरांनी गोंगाट करून त्यांना उठवू नये म्हणून.

खरी भीती वेगळीच होती. व्याह्यांना कुणी नाही म्हटलं की त्यांचे दोन्ही हात हवेत फिरायचे. म्हणून अक्कानं वडिलांना बजावलं, "बाबा, ते काय म्हणतील त्याला व्हय म्हणा." वडिलांना हे बाळंतपणापेक्षा जड गेलं असणार.

"इंग्रज परत येणार बघा," व्याही म्हणाले.

"व्हय," वडील म्हणाले.

"सातारकडच्या गुळाला रंग न्हाई."

वडिलांनी धोतराचा सोगा मुठीत धरला. "न्हाई... म्हंजी व्हय. रंग न्हाई."

"तुमचा पांढरा बैल जरा लंगडतोय."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. "व्हय," म्हणाले.

दुसरा दिवसही असाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी मनगट कानाला लावलं. बराच वेळ लावून बसले. अक्का उंबऱ्यात उभी, हातात चहाची कपबशी.

"थांबलंय," व्याही म्हणाले. "शब्द तो शब्द. लगीन पक्कं."

आई देवापुढं पळाली. आणि वडिलांच्या आत दोन दिवस कोंडलेलं फुटलं. "इंग्रज परत येत न्हाई! आमच्या गुळाचा रंग सोन्यासारखा हाय! आन् माझा बैल लंगडत न्हाई, तुमची नजर लंगडी हाय!"

"काय म्हणालासा?" व्याही उठून उभे राहिले आणि दोन्ही हात फिरवायला लागले. "सांगलीत या, दावतो गूळ कशाला म्हणत्यात!"

मी जवळच होते. त्या मनगटातून बारीक टिकटिक यायला लागली. अक्कानंही ऐकली. ती सरळ पुढं झाली, होणाऱ्या सासऱ्याचा डावा हात धरला, खाली घेतला आणि त्यात भरलेली कपबशी ठेवली.

"मामंजी, गरम हाय," ती म्हणाली. "हलवू नका, सांडंल."